आजोबा काय काम करायचे?

श्रावण सरत आला की मला एखादा फोन हमखास येतो. पलीकडे वर्तमानपत्रातला नाहीतर यूट्यूब चॅनेलवरचा कुणी तरुण असतो. 'मॅडम, तुमच्याकडे एखादी पॉझिटिव्ह स्टोरी आहे का?' पॉझिटिव्ह म्हणजे कसली, हे आता मला विचारावं लागत नाही. गणपतीच्या मूर्ती रंगवणारा मुसलमान कारागीर, वारकऱ्यांना चहा पाजणारी खाला, आरतीला टाळ वाजवणारा पोरगा. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो, ती बातमी तर दरवर्षी नव्याने छापून येते. ती खरी आहे, आणि मलाही आवडते. गोटखिंडीच्या माणसांनी हे कुणाला दाखवण्यासाठी सुरू केलेलं नाही, म्हणून तर जास्तच आवडते. पण गोटखिंडीचा दाखला देऊन पुण्यात भाड्याने खोली मिळत नाही. एजंट आडनाव ऐकतो, 'तांबोळी म्हणजे... कुठले?' असं विचारतो, पुढचं नाव ऐकतो आणि मग सोसायटीच्या नियमांवर बोलायला लागतो.

दुसऱ्या प्रकारचे फोन वर्षभरात कधीही येतात. कुठेतरी काहीतरी पेटतं, मग रडणारी आई हवी असते, जळलेलं दुकान हवं असतं, 'तुम्हाला काय वाटतं?' या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देणारं कुणीतरी हवं असतं. पहिल्या प्रकारात आम्ही फार गोड असतो आणि दुसऱ्यात फार बिचारे. दोन्हींत एक गोष्ट सारखी असते. सांगून झाल्यावर सांगणाऱ्याच्या हातात काही पडत नाही. ऐकणाऱ्याचे डोळे ओलावतात, त्याला बरं वाटतं, आणि तो पुढच्या व्हिडिओकडे वळतो.

'गोष्टींनी समाज जोडला जातो' हे वाक्य मी अनेक व्यासपीठांवरून ऐकलं आहे आणि दर वेळी माझी मान आपोआप डोलली आहे. माझा प्रत्यक्ष अनुभव मात्र बराच रुक्ष आहे. आमच्या गावातले मुसलमान ज्या गोष्टींनी एकत्र बसले, त्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरच्या एका रकान्यातून निघाल्या.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. आम्ही तांबोळी. दादाजान, म्हणजे आजोबा, मिरजेकडच्या मळ्यांतून आलेली नागवेलीची पानं बाजाराच्या दिवशी विकायचे, लग्नसराईत वाड्यांवर विडे पुरवायचे. अब्बांनी एस. टी. महामंडळात नोकरी केली. त्यांच्या दाखल्यावर 'जात' या शब्दासमोर मास्तरांनी लिहिलं होतं : मुसलमान. झालं, एवढंच. तेलीबुवांच्या पोरापुढे तेली, साळ्यांच्या पोरापुढे साळी, आणि अत्तार, बागवान, मोमीन, नदाफ, शिकलगार, मुलाणी, मणियार, फकीर अशा सगळ्या घरांतल्या पोरांपुढे एकच शब्द. मास्तर वाईट नव्हते. त्यांना तेवढंच पुरेसं वाटलं. दाखला घेणाऱ्यालाही त्या काळात काही वावगं वाटलं नसेल. रकान्याची किंमत पुढे वाढली.

मंडल आयोगाचा अहवाल १९८० मध्ये आला आणि १९९० मध्ये केंद्राने तो लागू करायचं ठरवलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यातल्या ओबीसी जातींच्या यादीत मुसलमानांमधल्या कारागीर आणि सेवा करणाऱ्या जातीही होत्या, हे मात्र खुद्द त्या जातींतल्या लोकांनाच फारसं माहीत नव्हतं. महाराष्ट्रात ते घरोघर सांगत फिरण्याचं काम ज्यांनी उभं केलं, त्यांत जालन्याचे शब्बीर अन्सारी यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. त्यांच्या मुस्लिम ओबीसी संघटनेच्या सभांना दिलीपकुमार येत असत. सिनेमाचा नट बघायला आलेली गर्दी मग आरक्षणाचं भाषण ऐकून घरी जायची. ही युक्ती कुणाची होती कोण जाणे, पण फार नामी होती. १९९४ च्या डिसेंबरात राज्य सरकारने आदेश काढला आणि मुसलमान ओबीसींना सवलतींचा रस्ता कागदावर मोकळा झाला.

अडचण दोन्ही बाजूंनी आली. कार्यालयातला कारकून म्हणायचा, 'अहो, तुमच्यात जात नसते ना?' आणि मोहल्ल्यातले बुजुर्ग म्हणायचे, 'जात-बीत नक्को बाबा. हमारे में सब एक.' दोघांच्या बोलण्यात तथ्य होतं आणि दोघेही अर्धंच बोलत होते. नमाजाच्या सफीत, म्हणजे रांगेत, कुणी कुणाच्या शेजारी उभं राहावं याला बंधन नाही, हे खरं. पण त्याच बुजुर्गांच्या घरी पिंजाऱ्याकडून मुलीसाठी मागणं आलं असतं तर काय झालं असतं, ते आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईला विचारा. खाटकाचं तर आणखी गमतीशीर आहे. सुरी तीच, ठोकळा तोच, पण हिंदू खाटीक महाराष्ट्रात अनुसूचित जातीत आणि मुसलमान खाटीक ओबीसीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचं दार हिंदूंपुरतं ठेवलं. पुढे १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी ते उघडलं. आमच्यासाठी बंदच आहे. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

तर, यादीत नाव आलं म्हणून जातीचा दाखला मिळत नाही. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. तुमचा बाप, आजा, पणजा यांपैकी कुणाची तरी त्या तारखेआधीची नोंद दाखवायची, आणि त्या नोंदीत जात स्पष्ट लिहिलेली हवी. नुसतं 'मुसलमान' असेल तर उपयोग नाही. मग शोध सुरू होतो. जुनं प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधलं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही, जमिनीचे फेरफार, घराचं खरेदीखत, कुठे इनाम असेल तर त्याची सनद. यातलं बरंच मोडी लिपीत. काही वर्षांपूर्वीपर्यंत मोडी वाचणारा शोधायला आम्ही वणवण करायचो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारने समिती नेमली आणि एकाएकी मोडी जाणणाऱ्यांचा भाव वधारला. आता माणसं आहेत, पण त्यांना वेळ नाही.

आणि नोंद शोधायला रेकॉर्ड रूममध्ये शिरण्याआधी काय शोधायचं ते ठाऊक पाहिजे. कुठलं गाव? पणजोबा इथलेच की दुसऱ्या तालुक्यातून आलेले? त्यांना कागदावर काय म्हणत असतील, 'बाबू वल्द हुसेन' की 'बाबू पानवाला'? इथे गोष्ट लागते. आमच्याकडे दर महिन्याच्या एका रविवारी मशिदीच्या बाजूच्या शादीखान्यात शिबिर भरतं. सतरंज्या, दोन टेबलं, एक प्रिंटर, कटिंग चहा. जो येईल त्याला पहिला प्रश्न विचारायचा : तुमचे आजोबा काय काम करायचे?

मी या शिबिरात जायला लागले ते भाच्याच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनमुळे. जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही तर सीट जाणार होती. त्याचं काम झालं, आणि मी मात्र तिथेच अडकले. कारण त्या प्रश्नाची उत्तरं.

सुरुवातीला पुरुष येतात. ते कागद आणतात. प्लास्टिकच्या पिशवीत रेशन कार्ड, आधार, बापाचा दाखला. 'आजोबा काय करायचे?' म्हटलं की ते 'मजुरी' असं म्हणून गप्प होतात. एक जण 'शेती' म्हणाला. त्यांच्याकडे कधीच शेत नव्हतं. पिंजाऱ्याच्या पोराला धनुकलीची आठवण सांगायची लाज वाटते. कापसाचा कण अंगावर घेऊन उन्हाळाभर दारोदार 'गादीऽऽ' करत फिरलेला आजा त्याला विसरायचा असतो. आणि आम्ही नेमकं तेच त्याच्याकडे मागतो.

मग आम्ही सांगायला लागलो : घरातल्या म्हाताऱ्या बाईला घेऊन या. हा बदल कुणी ठरवून केला नाही. एका घरात आजोबा वारलेले, मुलांना काही ठाऊक नाही, म्हणून नाइलाजाने आजीला आणलं. ती बोलायला लागली आणि लिहून घेणाऱ्या पोरीची वही संपली.

कायद्याच्या दृष्टीने ही बाई त्या घराण्याची कुणीच नाही. रक्ताचं नातं बापाकडून मोजतात, आणि ती दुसऱ्या घरातून आलेली. तिची साक्ष पुराव्यात धरत नाहीत. पण सासरचा धंदा तिने हाताने केलेला असतो. पुरुष बाजारात पानं विकायचा. रोज संध्याकाळी करंडी उघडून एकेक पान उलटायचं, डागाळलेलं बाजूला काढायचं, कवळ्या, म्हणजे पानांच्या जुड्या, पुन्हा लावायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या, हे बाईचं काम. माझ्या दादीच्या बोटांची टोकं कायम काळपट असायची. तिला कुठल्या मळ्याची पानं किती दिवस टिकतात ते माहीत, कुणाकडे किती उधारी होती ते माहीत, आणि दादाजानचं जुनं गाव सोडताना कुणाशी कशावरून भांडण झालं तेही माहीत. ते भांडण फार उपयोगी पडतं. जमिनीचं भांडण असेल तर फेरफार असतो, मारामारी असेल तर पोलीसपाटलाचा कागद असतो. शिकलगारांच्या एका आजीने सांगितलं, 'सासऱ्यांनी देशमुखांच्या तलवारी दसऱ्याला घासून दिल्या होत्या, पण पैसे कमी दिले म्हणून पुढच्या वर्षी गेले नाहीत.' त्या एका वाक्यावर त्यांचं मूळ गाव सापडलं, तिथल्या शाळेचं रजिस्टर सापडलं, आणि त्यात जातीच्या रकान्यात शिकलगार असा स्पष्ट शब्द होता.

मुलाण्यांच्या गोष्टी सर्वांत रंगतात. जत्रेत बकरं कापायचा मान मुलाण्याचा. गावगाड्यात त्याला त्याचा ठरलेला वाटा. त्यामुळे गावच्या जुन्या कागदांत तो कुठे ना कुठे दिसतोच. मुलाण्यांच्या घरात कोणी कुठल्या देवीच्या जत्रेला जायचं याच्या वाटण्या असायच्या, आणि त्यांवरून भावाभावांत कोर्टकचेऱ्याही व्हायच्या. आमच्या शिबिरात दोन चुलत घरांतल्या म्हाताऱ्या एकाच रविवारी आल्या आणि साठ वर्षांपूर्वीचा तो हिस्सा त्यांनी शादीखान्यात पुन्हा मांडला. लिहून घेणारी पोरगी बिचारी कधी इकडे कधी तिकडे बघत होती. शेवटी चहा आणावा लागला.

इतरांना हे कागदाचं क्षुल्लक काम वाटतं. मला त्यात जे दिसतं ते असं : 'मुसलमान' या एका शब्दाखाली झाकलेली माणसं तिथे पुन्हा मोकळी होतात. पानवाले, कापूसवाले, बांगडीवाले, पाणक्ये. त्यांचं गावाशी देणंघेणं होतं, उधारी होती, मान होता, अपमान होता. हे सगळं सांगताना कुणीही 'आम्ही पण याच मातीतले' असं म्हणत नाही. म्हणायची गरजच पडत नाही. देशमुखांनी पैसे बुडवले ही तक्रार ज्याला आहे, तो बाहेरून आलेला कसा असेल?

आणि लोक एकदा एका कामासाठी बसले की पुढची कामं आपोआप निघतात. दाखल्यासाठी आलेल्या घरांमधून कळलं की कितीतरी मुली दहावीनंतर घरी बसल्या आहेत, कारण ज्युनिअर कॉलेज दूर आहे आणि बस संध्याकाळी उशिरा सुटते. मग बसच्या वेळेचा अर्ज झाला. नगरपरिषदेच्या निवडणुकीत 'ओबीसी महिला' म्हणून राखीव झालेल्या वॉर्डात आमच्या शिबिरात वही घेऊन बसणारी एक जण उभी राहिली. पडली, पण चांगली मतं घेऊन पडली. २०१४ मध्ये राज्य सरकारने मुसलमानांमधल्या मागास घटकांना पाच टक्के आरक्षण देणारा अध्यादेश काढला होता. उच्च न्यायालयाने त्यातला शिक्षणाचा भाग तात्पुरता राहू दिला, पण पुढे सरकारने त्याचा कायदाच केला नाही आणि अध्यादेश विरून गेला. मोठ्या घोषणांचं असं होतं. रविवारच्या सतरंज्या मात्र अजून पसरल्या जातात.

सोलापूर जिल्ह्यात वाढल्यामुळे असेल, पण गोष्ट आणि संघटना या दोन गोष्टी मला कधी वेगळ्या वाटल्याच नाहीत. बार्शीचे अमर शेख, मूळ नाव महबूब हुसेन पटेल, गिरणी कामगारांत राहून शाहीर झाले. अण्णा भाऊ साठे आणि शाहीर गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथकातून जे गायलं, त्यात कामगाराची, शेतकऱ्याची आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राची गोष्ट होती. लोक ऐकायला यायचे आणि मोर्चाला जायचे. त्यांच्या डफावर कुणी 'सर्वधर्मसमभाव' असं लेबल लावल्याचं ऐकिवात नाही. आज शाळेच्या गॅदरिंगला पोरं त्यांच्यावर भाषण करतात तेव्हा सुरुवातच 'मुस्लिम असूनही' अशी होते. त्या 'असूनही'ला मी फार वर्षांपासून वैतागले आहे.

१९९० मध्ये सोलापुरातच पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. विचारवंत फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं : आम्ही मराठीत जगतो, मराठीत भांडतो, तर मराठीत लिहिणार आणि आमच्याबद्दल जे लिहिलं जातं त्याला उत्तरही मराठीतच देणार. बेन्नूर सर २०१८ मध्ये गेले. त्यांच्या व्याख्यानांत मुस्लिम म्हणजे एकसंध दगड नव्हे, त्यात पेशे आहेत, थर आहेत, भाषा आहेत, हे पुन्हा पुन्हा यायचं. तेव्हा मला ते समाजशास्त्र वाटायचं. शादीखान्यात बसल्यावर कळलं की ते शेजाऱ्यांबद्दल बोलत होते.

आता बायकांच्या गोष्टींबद्दल. इथे सावध लिहावं लागतं.

हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. आधी कथाकार, मग कार्यकर्ते. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी सात मुसलमान बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. फक्त सात जणी. पुढे १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. आमच्या घरात दलवाईंचं नाव प्रेमाने घेतलं जात नसे. अब्बांना त्यांचा सूर बोचायचा, 'आपल्या माणसाने चारचौघांत असं बोलावं का?' असं ते म्हणायचे. पण त्यांच्या बहिणीचा, म्हणजे माझ्या फुफीचा तलाक झाला तेव्हा चारचौघांत बोलायला कुणीच आलं नाही, हेही त्यांनी पाहिलं होतं. दलवाईंशी माझेही मतभेद आहेत. तरी त्या सात जणी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. त्या काळी विधानभवनासमोर उभं राहून स्वतःच्या घरातलं सांगणं म्हणजे काय, याची कल्पना ज्या बाईने मोहल्ल्यात दिवस काढले आहेत तिलाच येईल.

१९८३ मध्ये शहनाज शेख नावाच्या तरुणीने स्वतःच्या तलाकावरून सुप्रीम कोर्टात अर्ज केला. मग तिच्याकडे तशाच बायका यायला लागल्या आणि त्यातून मुंबईत आवाज़-ए-निस्वां ही संघटना उभी राहिली. म्हणजे आधी एक जण बोलली, मग दुसरी म्हणाली 'माझंही', आणि तिसरीने विचारलं 'मग पोलीस स्टेशनला कोण येतंय माझ्याबरोबर?' संघटना या तिसऱ्या वाक्याने सुरू होते. पुढे २००७ मध्ये भारतीय मुस्लिम महिला आंदोलन सुरू झालं. हाजी अली दर्ग्याच्या आतल्या भागात बायकांना पुन्हा जाऊ द्या, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला तो त्यांच्याच याचिकेवर.

पण सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या हातात राहत नाही, हेही याच मार्गावर कळलं. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०१७ मध्ये एका दमातला तलाक रद्दबातल ठरवला. दोन वर्षांनी कायदा आला आणि त्यात नवऱ्याला तीन वर्षांपर्यंतची कैद. ज्या बायका वर्षानुवर्षं पोटगी, घर, मुलांचा ताबा असं मागत होत्या, त्यांच्यातल्याच कितीजणींनी विचारलं, नवरा आत गेला तर पोटगी देणार कोण? त्यांच्या कहाण्या मात्र टीव्हीवर अशा माणसांच्या तोंडी होत्या ज्यांनी एरवी त्यांना घर भाड्याने दिलं नसतं. फुफी तेव्हा टीव्ही बघताना म्हणाली, 'हमारे दुख का इनकू कायकू इतना शौक?' मी तिला उत्तर दिलं नाही. मात्र तेव्हापासून शिबिरात कुणी कॅमेरा घेऊन आला की मी आधी विचारते, हे कुठे जाणार, कोण कापणार, आणि बाईंना आधी दाखवणार का? बरेच जण तिथेच परत जातात.

ठाण्याजवळच्या मुंब्र्याला गेले होते तेव्हा याच्या नेमकं उलट चित्र पाहिलं. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतले किती मुसलमान जीव मुठीत धरून तिथे राहायला गेले. त्या मुंब्र्यात 'परचम' ही संस्था मुलींना घेऊन फुटबॉल खेळते. संस्थेने नाव घेतलं उर्दू कवी मजाज़च्या शेरावरून. मैदानावर मुलींसाठी वेळ मिळावी म्हणून मुली स्वतः सह्या गोळा करत फिरल्या, नेत्यांना भेटल्या. सह्या मागताना त्यांना दारोदार सांगावं लागलं की आम्हाला का खेळायचं आहे. म्हणजे गोष्ट सांगावीच लागली, पण सांगणारी तीच, मागणारी तीच आणि बुटाची लेस बांधून मैदानात उतरणारीही तीच. त्या मुलींबद्दल ज्या बातम्या आल्या त्यांत हिजाबचा फोटो असायचा आणि मथळ्यात 'बंधनं झुगारून' असायचं. मुलींना विचारलं तर त्या ऑफसाइडवरून वाद घालत होत्या.

मुंब्र्यातल्या याच कार्यकर्त्या फातिमाबी आणि सावित्रीबाईंच्या नावाने उत्सव करतात. सावित्रीबाई फुल्यांच्या सहकारी शिक्षिका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फातिमा शेख यांच्यावरून अलीकडे बराच धुरळा उडाला, त्यांना कुणीतरी कल्पनेतून उभं केलं असंही म्हटलं गेलं. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ ला नायगावहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. तिला फार त्रास पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा. हाताशी घट्ट धरता येईल असं साधारण एवढंच. जन्मतारीख म्हणून जी ९ जानेवारी साजरी होते तिला कागद नाही, आणि जे रंगीत चित्र सगळीकडे फिरतं तेही आजच्या कुणाच्या तरी हातचं. शिबिरातल्या पोरींनी मला विचारलं की मग बॅनरवर तारीख लिहायची की नाही. मी म्हटलं, नका लिहू. रोज लोकांकडे १९६७ आधीचा पुरावा मागणाऱ्या आपण, इथे सूट का घ्यायची? एक पत्र आहे, त्यात एक बाई आहे, ती त्रास सोसते आणि कुरकुर करत नाही. मला तर ते चित्रापेक्षा जास्त ओळखीचं वाटतं. पोरींना ते फारसं पटलं नाही. त्यांना चित्र हवं होतं.

भिवंडीचं उदाहरण लोक नेहमी देतात, आणि ते द्यायलाच हवं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं गाव १९९२-९३ मध्ये शांत राहिलं, शेजारची मुंबई जळत असताना. १९८८ मध्ये तिथे आलेले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बसवल्या, गल्लीतल्या दोन्ही बाजूंच्या माणसांना बीटच्या हवालदारासह नियमाने एकत्र बसवलं. मुंबईत १९९४ नंतर त्या धर्तीवर काम झालं, पोलीस आणि मोहल्ल्यातली पोरं यांच्या क्रिकेट मॅचेस झाल्या. भिवंडीच्या कमिट्यांबद्दल मला आवडतं ते हे, की त्यांत ऐक्यावर फारशी भाषणं नव्हती. नळाचं पाणी, गटार, कुणाच्या पोराने कुणाची सायकल नेली, असल्या कुरबुरी होत्या. ओळख अशा कुरबुरींतून होते आणि ती ओळख वाईट दिवशी फोन उचलते.

आमच्या शिबिरात सध्या वेगळीच कुरबुर चालू आहे. वह्या आता बऱ्याच झाल्या आहेत. कपाटात जागा नाही, आणि मागच्या पावसात दोन वह्या भिजल्या. पोरींचं म्हणणं, आजींचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून इन्स्टाग्रामवर टाकू या. दखनी बोली ऐकायला मजा येते, पोरं शेअर करतील, दुसऱ्या तालुक्यातल्या लोकांना आपापले धागे सापडतील. मशिदीच्या ट्रस्टचे लोक म्हणतात, घरातल्या बायकांचे आवाज असे चव्हाट्यावर नकोत. कारण जुनंच, पण मला या वेळी त्यांच्या बाजूचं थोडं पटतं, वेगळ्या कारणाने. देशमुखांच्या तलवारींची गोष्ट ज्या गावात घडली तिथे देशमुख अजून राहतात. त्यांचा नातू आमच्या एका पोराबरोबर क्रिकेट खेळतो. मुलाण्यांच्या हिश्शाचं भांडण दोन म्हाताऱ्यांनी चहा पिऊन मिटवलं, ते उद्या पाच हजार लोकांनी ऐकलं तर मिटलेलं राहील का? आणि आज जात सांगितली म्हणून दाखला मिळतो, उद्या तीच यादी दुसऱ्या कशासाठी कोण वापरेल याचा भरवसा कुणी द्यायचा?

पोरींनी यावर तोडगा काढलाय. जिची गोष्ट तिला आधी ऐकवायची, तिने 'हो' म्हटलं तरच पुढे, आणि नावं-गावं काढून टाकायची. मी म्हटलं, नाव-गाव काढलं की उरतं काय? एक जण म्हणाली, 'काम उरतं ना, आपा. पानं कशी उलटायची ते उरतं.' ट्रस्टच्या बैठकीत यावर मतदान व्हायचं आहे. पहिली आजी मात्र आधीच तयार होऊन बसली आहे. तिची एकच अट आहे, रेकॉर्डिंगच्या आधी तिला नवी साडी घ्यायची, आणि तो खर्च शिबिराच्या खात्यातून करायचा. खजिनदाराने नकार दिला आहे.